सहाव्या बारनंतरची वाट

“काय गं, त्या दिवशी पियानोवर तेच तेच किती वेळ वाजवत होतीस?”

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनानंतर हा प्रश्न मला कॅन्टीनमध्ये, वाचनालयाच्या रांगेत, इतकेच काय पण परीक्षेच्या हॉलबाहेरही विचारला गेला. काहींनी चेष्टेने विचारला, काहींनी खऱ्या कुतूहलाने. एका सरांनी तर “बरीच मोठी रचना होती, छान वाजवलीस,” असे कौतुक केले. मी मान खाली घालून “थँक्यू सर” म्हणाले. खरी गोष्ट अशी की ती रचना मुळीच मोठी नाही. नीट वाजवली तर दोन मिनिटांच्या आत संपते. मी तिच्यात हरवले होते आणि बाहेर पडायची वाट सापडत नव्हती. ती का सापडत नव्हती, हे समजायला मला जवळजवळ वर्ष लागले. चेष्टा करणाऱ्यांना तोंडी उत्तर देणे मला जमत नाही, म्हणून हा लेख.

आधी हे सांगायला हवे की आमच्यासारख्यांच्या घरात पियानो येण्याचे काही कारण नाही, आणि तो आलेलाही नाही. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात. संध्याकाळी वस्तीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. तीच पेटी मी लहानपणी त्यांच्या मांडीशी बसून शिकले. आई कॅम्पात एका निवृत्त शिक्षिकेकडे स्वयंपाकाला जाते. त्या मूळच्या गोव्याच्या. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत, आणि त्या परंपरेतले वादन त्यांच्या घरात दोन पिढ्या चालत आलेले. शाळा सुटली की मी आईबरोबर तिथे जाऊन अभ्यास करीत बसे. एक दिवस त्या बाहेर गेलेल्या पाहून मी पियानोचे झाकण उघडले आणि ‘पांढरी एक’मध्ये एक अभंगाची चाल वाजवू लागले. त्या दारात येऊन उभ्या राहिल्याचे मला कळलेच नाही. रागावतील असे वाटले होते. पण त्यांनी विचारले, “डावा हात मांडीवर का ठेवलास?”

पेटीवर डावा हात भाता मारतो. पियानोवर त्याला स्वतःचे काम असते, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून त्या माझ्या टीचर.

वाचकांपैकी बहुतेकांनी पेटी जवळून पाहिली असेल, पियानो मात्र आमच्या सभागृहात कोपऱ्यात झाकून ठेवलेला तेवढाच. दोन्हींच्या पट्ट्या सारख्या दिसतात, त्यामुळे पेटी येणाऱ्याला पियानो येईलच असा समज होतो. माझाही होता. प्रत्यक्षात पट्टीच्या पलीकडे जे घडते ते अगदी वेगळे आहे. पेटीत हवा आणि पितळी सूर. पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला की सूर हवा तितका वेळ टिकतो. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फरक पडत नाही, तो भात्याच्या हाती. पियानोत पट्टी म्हणजे एका तरफेचे टोक. दुसऱ्या टोकाकडून एक लाकडी हातोडी उसळते. तिच्या तोंडाला नमदा गुंडाळलेला असतो, आणि ती तारेवर आपटून लगेच मागे येते. इटलीत फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास हे यंत्र बसवले. त्याने केलेले तीन पियानो आजही शिल्लक आहेत. त्याच्या युक्तीतली खरी गंमत अशी की तारेला भिडण्याच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात हातोडी पट्टीपासून सुटलेली असते. गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी ती एकटी जाते. त्यानंतर बोटाने पट्टीवर कितीही जोर काढला तरी उपयोग नाही. सूर मोठा की लहान, हे हातोडी किती वेगाने निघाली यावर ठरून गेलेले असते, आणि सूर निघाल्या क्षणापासून विरू लागतो.

म्हणून पियानोचे तंत्र म्हणजे पट्टी सेंटिमीटरभर खाली जाते त्या अवधीत जे करायचे ते करून टाकणे. टीचरने मला पहिले तीन आठवडे काही वाजवूच दिले नाही. माझे मनगट धरून हात वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. तो मांडीवर ओल्या टॉवेलसारखा पडला पाहिजे. माझा हात हवेतच थांबे. “तू हात धरून ठेवतेस. हाताला स्वतःचे वजन आहे ना? ते वापर की,” त्या म्हणत. जोर लावणे म्हणजे मेहनत, एवढेच मला घरून माहीत होते. जोर काढून घेणे हीसुद्धा मेहनत असते हे पचायला वेळ लागला. बांगड्याही काढून ठेवाव्या लागल्या. त्या किणकिणतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या आवाजाने मनगट किती हलते ते मला कळे आणि मी ते आवळून धरी, म्हणून.

जोराने काय होते याचे उदाहरण इतिहासात आहे. रॉबर्ट शूमान हा जर्मन संगीतकार आधी वादक होणार होता. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे बोट कायमचे निकामी झाले. बोटांच्या ताकदीसाठी वापरलेल्या एका यंत्राचा यात हात होता असे सांगतात, कारणांबद्दल मात्र वाद आहेत. त्याच काळातला शोपँ उलट विचारांचा. पाचही बोटे सारखी बलवान करण्यात काय अर्थ, प्रत्येक बोटाची घडणच निराळी आहे, असे त्याचे मत. नवशिक्याला सगळे जण ‘पांढरी एक’ची सरगम आधी देतात, कारण ती लिहायला आणि वाचायला सोपी. शोपँ ‘पांढरी सात’ची सरगम आधी देई. तिच्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात. मधली तीन लांब बोटे उंच काळ्यांवर आणि आखूड अंगठा खाली पांढरीवर, असा हात आपोआप बसतो. ‘पांढरी एक’ला हाताला कसलाच आधार नाही, म्हणून ती त्याच्या मते सर्वांत अवघड. वाचायला सोपे ते वाजवायला अवघड! अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग, काळी पाचमध्ये आम्ही उगीच गातो काय?” वास्तविक त्यांचे कारण गळ्याचे आहे, बोटांचे नव्हे. पण ते राहू द्या.

अंगठ्याचीही एक गोष्ट आहे. पेटीवर अण्णा अंगठा जवळजवळ वापरीत नाहीत, म्हणून मीही वापरीत नसे. सूर आठ आणि बोटे पाच. तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळहाताखालून सरकवून पुढचा सूर घ्यायचा, हे पियानोचे मूळ अक्षर. युरोपातही ते नेहमीचे नव्हते. योहान सेबास्टिअन बाखचा मुलगा सी. पी. ई. बाख याने १७५३ साली वादनावर एक ग्रंथ छापला. त्यात तो सांगतो की वडिलांनी तरुणपणी ऐकलेले मोठमोठे वादक अंगठा फक्त लांबच्या सुरासाठी वापरीत. म्हणजे अण्णा तीनशे वर्षांपूर्वीच्या थोर मंडळींच्या पंगतीत बसतात!

आता मुख्य गोष्टीकडे येते.

स्नेहसंमेलनात मी जी रचना वाजवली तिला मिन्युएट म्हणतात. तीन मात्रांच्या चालीचा हा एक जुना नाच. सेबास्टिअन बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहीत ती उतरवलेली आहे. त्यामुळे ती बाखच्याच नावावर चालत राहिली. १९७० च्या दशकात संशोधकांनी दाखवून दिले की ती क्रिस्तिआन पेट्सोल्ट याची. जगभरातली मुले ती शिकतात. कागदावर ती उभ्या रेघांनी घरे पाडून लिहिलेली असते. प्रत्येक घरात तीन मात्रा, आणि त्या घराला बार म्हणतात. असे एकूण बत्तीस बार. पहिले सोळा म्हणजे पूर्वार्ध, दुसरे सोळा म्हणजे उत्तरार्ध.

सूर ‘पांढरी पाच’चा. तिला षड्ज मानले तर पूर्वार्धाची घडण आपल्या भाषेत सहज सांगता येते. उजव्या हाताचे पहिले सहा बार एक चाल रंगवतात आणि खाली षड्जावर येऊन टेकतात. सातव्या बारमध्ये चाल खाली निषादाकडे उतरते आणि आठव्यात ऋषभावर अर्धवट थांबते. वाक्य पुरे झालेले नसते. मग नवव्या बारपासून तीच चाल पुन्हा सुरू होते. चौदावा बार अगदी सहाव्यासारखा, तसाच षड्जावर येतो. पण पंधराव्याला मात्र चाल निषादाकडे न जाता ऋषभाकडे वर जाते आणि सोळाव्यात षड्जावर पूर्ण विसावते. म्हणजे एकाच ठिकाणी दोनदा यायचे, पहिल्यांदा खालच्या वाटेने जायचे, दुसऱ्यांदा वरच्या.

हे आज मी इतके नेमके सांगू शकते. त्या दिवशी यातले एक अक्षर मला माहीत नव्हते. मला ती रचना ‘पाठ’ होती. टीचरच्या घरी शंभर वेळा न चुकता वाजवलेली. सभागृहात सहाशे मुले, पहिल्या रांगेत प्राचार्य, आणि मागे कुठेतरी आई उभी. मी चौदाव्या बारला आले, षड्जावर टेकले, आणि बोटे निषादाकडे उतरली. आता आठव्या बारच्या ऋषभावर आल्यावर पुढे नववा बारच येणार! पुन्हा तीच चाल, पुन्हा चौदावा, आणि पुन्हा बोटे खाली. कुठेही अडखळले नाही, हे विशेष. म्हणूनच कित्येकांना ती रचना तशीच आहे असे वाटले. चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा कशी कोण जाणे बोटे ऋषभाकडे गेली. सोळावा बार आला, आणि मी उठून नमस्कार केला. उत्तरार्ध वाजवण्याची हिंमतच झाली नाही. तो तुम्ही कोणी ऐकलेलाच नाही.

टीचरला सांगितले तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुला नाही, तुझ्या बोटांना पाठ होते.”

बोटांची आठवण साखळीसारखी असते. प्रत्येक हालचाल पुढच्या हालचालीला हाक मारते. मधली कडी स्वतंत्रपणे उचलता येत नाही. आपण पाढे असेच शिकलो. “सात नव्वे किती?” असे एकदम विचारले तर आमच्या वर्गातली निम्मी मुले ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात’पासून निघत. आता सहाव्या आणि चौदाव्या बारची शेवटची कडी एकच असेल, तर तिने पुढे कोणाला हाक मारावी? अशा वेळी बोटे ज्या वाटेने जास्त वेळा गेली असतील ती धरतात. मी रोज सराव पहिल्या बारपासून सुरू करी. कुठे चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सातवा बार माझ्या हातून पंधराव्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा गेलेला. सुरुवात पक्की आणि पुढे पुढे कच्चे, ही माझ्या साऱ्या पाठांतराची तऱ्हा होती. भीतीने डोके बंद पडल्यावर बोटांनी मळलेली वाट धरली, यात त्यांचा काय दोष?

मला तेव्हा शाळेतली आठवण झाली. घरात लिहिता-वाचता येणारी मीच पहिली. मी कविता, इतिहासाची उत्तरे पाठ करी, आणि आई पुस्तक हातात धरून माझी परीक्षा घेई. तिला अक्षरे येत नव्हती. मी अडखळले की ती म्हणे, “चुकलं, पुन्हा म्हण.” न अडखळता चुकीचे म्हटले तर ते तिला बरोबरच वाटे. मधूनच एखादी ओळ विचारणे तिला शक्य नव्हते. न थांबता म्हणता येणे म्हणजे येणे, ही समजूत माझ्यात तेव्हाच पक्की झाली असावी. प्रथम वर्षाला इतिहासाच्या एका पेपरात प्रश्न जरा फिरवून विचारला होता. मी गाईडमधले जवळचे वाटणारे उत्तर सबंध उतरवून आले. अक्षर सुंदर, मजकूर दुसऱ्याच प्रश्नाचा. त्या गुणांचा आकडा इथे देत नाही.

पूर्वी वादक न बघता वाजवीतच असे नव्हे. समोर कागद ठेवणे हा विनय समजला जाई. १८३७ साली क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, हिने सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये कागदाशिवाय वाजवले, तेव्हा बेटिना फॉन आर्निम या लेखिकेने तिला घमेंडखोर ठरवले. दोन-तीन वर्षांतच लिस्टने एकट्याने सबंध मैफल करण्याची पद्धत पाडली, आणि हळूहळू न बघता वाजवणे हा वादकांच्या गळ्यातला फासच झाला. उलट स्व्यातोस्लाव रिख्टर हा विसाव्या शतकातला केवढा थोर रशियन वादक, त्याने उतारवयात सभागृहात अंधार करून, एक लहानसा दिवा आणि समोर कागद ठेवून वाजवणे पसंत केले. हे वाचून माझे मन थोडे हलके झाले. तरीही मला कागद नको होता. कागद वाट दाखवील, पण मी कुठे उभी आहे हे मलाच माहीत नसेल तर त्याचा उपयोग काय?

टीचरच्या कपाटात एक पातळ पुस्तक होते. वाल्टर गीझेकिंग हा वादक आणि त्याचे गुरू कार्ल लायमर यांची पद्धत त्यात सांगितली आहे. मूळ जर्मन पुस्तक १९३१ चे. शब्दकोश घेऊन मी त्याचे इंग्रजी भाषांतर वाचले. त्यांचे म्हणणे असे की रचना पियानोला हात लावण्याआधीच डोक्यात पुरती बसली पाहिजे. कागद नुसता वाचायचा, घडण ओळखायची, डोळे मिटून आठवायची, आणि मगच वाजवायचे. मला हसू आले. घरी पियानो नसणे ही माझी अडचण, आणि हे लोक पियानोपासून लांब बसा म्हणून सांगतात!

मग मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून चार सप्तकांची पट्टी काढली. पांढऱ्या सात पट्ट्या मिळून साडेसोळा सेंटिमीटर, टीचरच्या घरी मोजून आणलेले माप. रात्री सगळे निजल्यावर ती फरशीवर पसरायची आणि वाजवायचे. कागदातून सूर निघत नाही, त्यामुळे कान मदतीला येत नाही. पुढचा सूर आधी मनात ऐकल्याशिवाय बोट ठेवताच येत नाही. पहिल्या रात्री मी तिसऱ्या बारलाच अडकले. जी रचना शंभर वेळा वाजवली तिचे दहा सूरही मला माहीत नव्हते.

त्याच रात्रींत डावा हात सापडला. आतापर्यंत मी त्याला उजव्याच्या मागून ओढत नेत होते. एकटा वाजवून पाहिल्यावर लक्षात आले की उजवा हात दोन्ही फेऱ्यांत तेच बोलतो, पण डावा तसे करीत नाही. पहिल्या फेरीत तो बहुतेक एकेक लांब सूर धरून बसतो. दुसऱ्या फेरीत, दहाव्या बारपासून, तो पावले टाकू लागतो. कुठल्या फेरीत आहोत हे सांगणारा सतत माझ्याबरोबर होता, मीच त्याला विचारले नव्हते. उत्तरार्धात तीव्र मध्यम येतो, म्हणजे चाल ‘पांढरी दोन’च्या घरी पाहुणी गेली, आणि शुद्ध मध्यम परतला की ती माघारी निघाली, हेही तेव्हाच कळले.

टीचरने रचनेचे चार-चार बारचे आठ तुकडे पाडून त्यांना आकडे दिले. आम्ही त्यांना स्टेशने म्हणतो. सराव आठव्या स्टेशनपासून, उलट्या क्रमाने. म्हणजे पुढे जावे तसा रस्ता अधिक ओळखीचा होतो. बोटांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवायचे आणि रोज तीच बोटे वापरायची, नाहीतर स्मरणाला धरायला काही राहत नाही. शिवाय इतके सावकाश वाजवायचे की साखळी तुटावी. वेगात बोटे एकमेकांना ओढून नेतात. वेग चौथ्या हिश्शावर आणला की कोण जाणते आणि कोण नुसते धावते, ते उघडे पडते. हे मी कोणालाही करून पाहायला सांगेन, अगदी हार्मोनियमवाल्यांनाही. तबल्याच्या वर्गातली मुले कायदा हाताने वाजवण्याआधी तोंडाने म्हणतात, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

आणि मध्येच कोणीतरी आकडा पुकारायचा. टीचर आत कॉफी करताना ओरडतात, “पाच!” की मी पाचवरून उचलायचे. परवा मी घरी कागदावर बसले होते. आई पोळ्या लाटत होती. तिने विचारले, “काही वाजतंय का त्यात, की नुसतीच बोटं आपटतेस?” मी तिला स्टेशनांची गंमत सांगितली. आकडे तिला येतात, हिशेब पक्का आहे. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग लाटणे न थांबवता म्हणाली, “सात.”

मी सातवरून सुरू केले.

“तीन.” तीनमध्ये नववा बार, तिथेच डावा हात पावले टाकायच्या बेतात असतो. जमले. “आठ.” जमले. “चार.” हे ते स्टेशन, चौदावा बार याच्यातच. षड्जावर टेकले, थांबले नाही, वर ऋषभाकडे गेले. आई माझ्या हातांकडे बघतच नव्हती, तव्याकडे बघत होती.

“सहा,” ती म्हणाली. सहामध्ये तीव्र मध्यम येतो आणि त्यातला माझा डावा हात अजून कच्चा आहे. मी अडखळले. “चुकलं,” आई म्हणाली, “पुन्हा.” पण या वेळी ‘पहिल्यापासून’ असे काही ती म्हणाली नाही. पुन्हा सहा.